हायाबुसा आणि नागपूरचे रस्ते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीताबर्डीत किंवा धरमपेठेत ही गाडी उभी केली की पाच मिनिटांत कोणी ना कोणी जवळ येऊन विचारपूस करतो, आणि प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. मी गेली तीन वर्षे सुझुकी हायाबुसा या मोटारसायकलची तिसरी पिढी नागपुरात आणि नागपूरबाहेर चालवत आहे. शहरात हीच गाडी चालवणाऱ्या काही मित्रांशी नेहमी बोलणे होते, त्यात इतवारीतील एक कापड व्यापारी आहेत, एक भूलतज्ज्ञ डॉक्टर आहेत आणि मिहानमध्ये नोकरी करणारी एक अभियंता तरुणी आहे. त्यांचे आणि माझे अनुभव एकत्र करून ही उत्तरे लिहिली आहेत. जिथे आमचे मत जुळत नाही, तिथे तसे नमूद केले आहे.

ही गाडी शर्यतीची आहे की लांबच्या प्रवासाची?

दोन्हींच्या मधली. शर्यतीच्या गाडीवर चालक टाकीवर पार ओणवा होतो आणि त्याचा भार मनगटांवर येतो, तर निव्वळ प्रवासाच्या गाडीवर तो खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. स्पोर्ट टूरिंग या प्रकारात इंजिन पहिल्या जातीचे आणि दमसास दुसऱ्या जातीचा असतो. हायाबुसाचा कल शर्यतीकडे थोडा अधिक आहे हे मान्य करावे लागेल, कारण तिला कंपनीकडून सामानाच्या पेट्या येत नाहीत आणि हँडलही कावासाकी निंजा १००० एसएक्सइतके वर नाही. पण तिचे वजन, लांबी आणि इंजिनाचा स्वभाव पाहता दिवसाला पाचशे किलोमीटर कापणे हेच तिचे खरे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पिढी १९९९ मध्ये १२९९ सीसी इंजिनासह आली आणि त्या काळी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणारी कारखान्यातून थेट रस्त्यावर आलेली गाडी म्हणून गाजली. २००८ मध्ये दुसऱ्या पिढीत इंजिन १३४० सीसी झाले आणि २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत त्याच क्षमतेचे इंजिन आतून बरेच बदलून बसवण्यात आले. २०१६ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीची जोडणी भारतातच होते.

नावाचा अर्थ काय?

जपानी भाषेत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. भक्ष्यावर झेपावताना हा पक्षी ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना जे मोठे जपानी अक्षर दिसते, ते याच पक्ष्याचे नाव आहे.

१९० अश्वशक्ती म्हणजे चालवताना नेमके काय जाणवते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि याचेच उत्तर सर्वांत जास्त चुकीचे दिले जाते. लोकांना वाटते की गाडी सतत हातातून निसटू पाहत असेल आणि चालक तिला कसाबसा आवरत असेल. प्रत्यक्षात चार सिलिंडरचे हे इंजिन कमी फेऱ्यांवर इतके शांत असते की पहिल्या दिवशी मला काही बिघाड तर नाही ना, अशी शंका आली होती. सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० ला इंजिन मिनिटाला जेमतेम साडेतीन हजार फेरे घेते, आणि इंजिनाची मर्यादा दाखवणारी लाल पट्टी अकरा हजारांवर सुरू होते. म्हणजे आपण वापरतो ती ताकद तिच्या ठेवीवरचे व्याज आहे, मुद्दलाला हात लागतच नाही.

ती ठेव कळते ती पुढचे वाहन ओलांडताना. सौंसरच्या पुढे सिलेवानी घाटाकडे जाताना एका सकाळी माझ्यापुढे संत्र्यांच्या क्रेटनी लादलेला ट्रक होता. मागच्या फळीवरची ताडपत्री सुटून फडफडत होती आणि डिझेलचा धूर थेट हेल्मेटमध्ये येत होता. माझ्या जुन्या ३५० सीसीच्या गाडीवर असतो, तर एक गिअर खाली घेऊन, समोरचा रस्ता दोनदा तपासून, थोडी धाकधूक मनात ठेवूनच पुढे गेलो असतो. इथे चौथ्या गिअरमध्येच, गिअर न बदलता, मूठ बोटभर फिरवली. आवाजात फारसा फरक पडला नाही, छातीवर हलका दाब आला, आणि आरशात पाहिले तेव्हा ट्रक बराच मागे राहिला होता. हे इतके थोड्या अवधीत झाले की समोरच्या लेनमध्ये मी जवळजवळ नव्हतोच. डॉक्टर मित्र म्हणतात की या गाडीची ताकद ही घाई करण्यासाठी नसून धोक्याच्या जागी कमीत कमी वेळ थांबण्यासाठी आहे. मला याहून नेमके वर्णन सापडलेले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या गिअरमध्येच ही गाडी ताशी शंभरच्या पुढे जाते. सात हजार फेऱ्यांवर १५० न्यूटन-मीटरचा जोर आहे, आणि साडेचार-पाच हजारांपासून तो असा दाटून येतो की वेगाचा अंदाज मनाला लागण्याआधी काटा पुढे गेलेला असतो. वेग जाणवत नाही, हाच तिचा धोका आहे. फेअरिंगच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या आणि बाजूच्या आवरणाच्या, आड वारा लागत नाही, इंजिन कुरकुरत नाही, गाडी डळमळत नाही, त्यामुळे १२० चा वेग ७० सारखा भासतो. म्हणून काट्याकडे पाहण्याची सवय जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते.

आधीच्या पिढीत १९७ अश्वशक्ती होती, आता १९० आहे. मग गाडी मंदावली का?

कागदावर सात अश्वशक्ती आणि पाच न्यूटन-मीटर कमी झाले, ते प्रदूषणाचे कडक निकष पाळण्यासाठी. पण खालच्या आणि मधल्या फेऱ्यांतील जोर वाढवण्यात आला, आणि रोजच्या चालवण्यात आपण तिथेच असतो. इतवारीतील मित्रांकडे दुसरी पिढीही आहे. त्यांच्या मते जुनीचा वरचा धडाका अधिक थरारक होता. मी दोन्ही चालवल्या आहेत, आणि वर्धा रोडवरील रहदारीत मला नवीच अधिक चपळ वाटते.

ती खरोखर ताशी ३०० ने जाते का? तुम्ही किती पळवली आहे?

कारखान्यातूनच तिचा वेग ताशी २९९ वर रोखलेला असतो. पहिल्या पिढीनंतर मोठ्या कंपन्यांनी आपसांत जी मर्यादा पाळायला सुरुवात केली, तिचा हा परिणाम आहे. मी किती पळवली, याचे उत्तर मी देत नाही आणि देणारही नाही. भारतात चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि आकडा सांगितला की ऐकणारा विशीतला मुलगा तो गाठायला निघतो, हे मी स्वतः पाहिले आहे. ज्यांना ही गाडी तिच्या पूर्ण ताकदीने चालवायची आहे, त्यांनी ग्रेटर नोएडा, चेन्नई किंवा कोइमतूर येथील बंदिस्त धावपट्टीवर प्रशिक्षणाच्या दिवशी जावे. आमच्यातील अभियंता तरुणी तशी जाऊन आली आहे. परत आल्यावर ती रस्त्यावर पूर्वीपेक्षा हळू चालवते.

समृद्धी महामार्गावर नेता येते का?

नाही. नागपुरातून सुरू होणारा ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग दुचाकींना बंद आहे, मग ती शंभर सीसीची असो की तेराशेची. दारातून निघणारा राज्यातील सर्वांत चांगला रस्ता आपल्यासाठी नाही, याची मला खंत वाटते. तरीही नियम तो नियम, आणि नाक्यावर हुज्जत घालणाऱ्यांमुळे सगळ्याच मोठ्या गाड्यांच्या चालकांची प्रतिमा बिघडते.

मग जायचे कुठे?

सरळ आणि निवांत चालवायचे असेल, तर अमरावतीचा रस्ता. बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा आणि मोझरी असा दीडशे किलोमीटरचा हा प्रवास पहाटे साडेपाचला निघाल्यास ऊन चढण्यापूर्वी आटोपतो. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी थांबून मगच पुढे जाण्याची आमची प्रथा आहे. पुढे अकोल्यापर्यंत जाणार असाल, तर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात नोंदला गेलेला पट्टा याच मार्गावर आहे.

जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलातून जातो. वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतलेला आहे, त्यात सर्वांत लांब बांधकाम ७५० मीटरचे आहे. तरीही माकडे आणि गुरे रस्त्यावर येतात, आणि २६६ किलोची गाडी ऐनवेळी वळवता येत नाही. देवलापार ते खवासा या टप्प्यात मी वेग मुद्दाम कमी ठेवतो, आणि अंधार पडल्यावर तिथून जातच नाही.

वळणांची हौस असेल त्यांनी सावनेरमार्गे छिंदवाडा गाठावे. मात्र ही लांब गाडी आहे, दोन चाकांमधले अंतर १४८० मिलिमीटर आहे. मोठ्या, मोकळ्या वळणावर ती रुळावरून गेल्यासारखी जाते, पण चिखलदऱ्याच्या घाटातल्या आखूड वळणांवर हात दुखवते.

नागपूरच्या उन्हाळ्यात ती चालवता येते का?

येते, पण वेळ पाहून. मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत आमची चालवण्याची वेळ पहाटे पाच ते साडेआठ अशी असते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत पारा ४५ च्या पुढे असतो, सिमेंटचे रस्ते खालून भट्टीसारखे तापतात, आणि त्यात चार सिलिंडरचे इंजिन दोन्ही मांड्यांच्या मध्ये असते. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला दुपारी एकदा थांबलो असताना पंखा सुरू झाला, आणि रेडिएटरमधून आलेली हवा डाव्या नडगीवर इतकी चटचटीत लागली की पाय उचलून धरावा लागला. तापमानाच्या काट्याने मात्र घाबरवण्यासारखे काही दाखवले नव्हते. इंजिन हे सहन करते, प्रश्न चालकाचा आहे.

आमचे अनुभव इथे वेगवेगळे आहेत. डॉक्टरांच्या मते जाड डेनिम आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट असले, की त्रास निम्मा होतो. मी जाळीदार जाकिटाच्या आत ओला पंचा मानेभोवती गुंडाळतो, हेल्मेट घालण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी पितो आणि दर पन्नास किलोमीटरला सावलीत थांबतो. उन्हाळ्यात लोक जाकीट काढून टी-शर्टवर चालवतात, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. उघड्या अंगावरचा घाम गरम वाऱ्याने झपाट्याने उडून शरीरातील पाणी अधिकच कमी होते, आणि पडल्यास त्वचेचे काय होते ते सांगायला नको. डोके हलके वाटणे, घाम येणे थांबणे किंवा उलटी होईल असे वाटणे ही उष्माघाताची चाहूल असते. अशा वेळी गाडी तिथल्या तिथे थांबवावी.

वजन झेपते का?

गाडी हलत असताना झेपते, उभी असताना नाही. धावू लागली की दहाच्या वेगाला वजन नाहीसे होते, पण वाहनतळात मागे ढकलताना प्रत्येक किलो जाणवतो. रामटेकला गडाच्या पायथ्याशी उतारावर गाडी वळवताना माझा डावा पाय मुरमावर घसरला आणि गाडी हळूहळू, जणू बसल्यासारखी, आडवी झाली. ती थांबवण्याचा मी प्रयत्न केला आणि त्यात गुडघ्याचा स्नायू दुखावला. शेजारच्या प्रसाद विक्रेत्याने आणि त्याच्या दोन मुलांनी हात लावला, तेव्हा ती उभी राहिली. तेव्हापासून दोन गोष्टी मी कधीच चुकवत नाही. उतारावर पुढचे चाक खाली करून लावत नाही, कारण हिला मागे जाण्याचा गिअर नाही. आणि एकदा तोल एका मर्यादेपलीकडे गेला की गाडी सोडून देऊन बाजूला होतो, कारण फेअरिंग बदलता येते, गुडघा बदलणे तितके सोपे नाही.

उंची कमी असलेल्यांना जमेल का?

बैठकीची उंची ८०० मिलिमीटर आहे, म्हणजे या वर्गात कमीच. आमची अभियंता मैत्रीण पाच फूट तीन इंच आहे आणि तिचे दोन्ही चवडे टेकतात. अडचण येते ती रुंद टाकीमुळे आणि खडबडीत जागी.

गतिरोधकांवर खाली लागते का?

जमिनीपासूनचे अंतर १२५ मिलिमीटर आहे. महामार्गावरचे पट्टे आणि नियमाप्रमाणे बांधलेले गतिरोधक तिरके घेतले तर लागत नाहीत. वस्त्यांमधले घरगुती उंचवटे लागतात, विशेषतः मागे कोणी बसलेले असताना. अशा ठिकाणी मागच्याला उतरायला सांगण्यात कमीपणा मानू नये.

पाठ आणि मनगटे दुखतात का?

पहिले दोन महिने दुखली. नंतर लक्षात आले की मी हँडलवर रेलत होतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरून पोटाच्या स्नायूंवर अंग तोलले, की हात मोकळे राहतात. ताशी ८० च्या आसपास छातीवर येणारा वाराही थोडा आधार देतो. शहरात तो आधार नसतो, म्हणून अमरावतीला जाऊन आल्यापेक्षा सदर ते मानेवाडा एवढ्या रहदारीत मी अधिक थकतो.

मागे बसणाऱ्याचे काय?

माझ्या पत्नीचे मत असे की पहिला तास चांगला जातो, दुसरा सहन होतो, तिसरा होत नाही. मागची सीट उंच आणि अरुंद आहे, पायदाण्या वर आहेत, आणि धरायला फारसे काही नाही. तिचा आणखी एक आग्रह आहे आणि तो मी पाळतो. मागच्यानेही पूर्ण हेल्मेट, जाकीट आणि बूट घातल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

इतक्या इलेक्ट्रॉनिक सोयी खरोखर लागतात का?

सगळ्या नाहीत. स्टार्ट घेताना कमाल जोर देणारी लाँच कंट्रोल नावाची सोय मी आजवर वापरलेली नाही. पण घसरण रोखणारी यंत्रणा, झुकलेल्या अवस्थेतही चाक लॉक होऊ न देणारे ब्रेक आणि चढावावर गाडी धरून ठेवणारी सोय या तिन्हींनी मला प्रत्येकी एकदा तरी वाचवले आहे. गाडीत ए, बी आणि सी असे तयार मोड आहेत. पावसात आणि शहरात मी सी ठेवतो, त्यात मुठीला प्रतिसाद मऊ येतो आणि ताकदही कमी मिळते. क्लच न दाबता गिअर वर-खाली करता येतो, ही सोय दोनशे किलोमीटरनंतर डाव्या हाताला फार मोलाची वाटते. क्रूझ कंट्रोल मी ८० वर लावतो, म्हणजे नकळत वेग वाढत नाही.

वेग आणि फेरे दाखवणारे डायल अजूनही काट्याचे आहेत आणि रंगीत पडदा फक्त मध्ये आहे. नागपूरच्या दुपारच्या लख्ख उन्हात पडदा फिका पडतो, पण काटा दिसतो. हे ज्यांनी ठरवले, त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

किती देते?

माझ्या वहीतील नोंदींप्रमाणे महामार्गावर लिटरला १६, शहरात १२ च्या आसपास. टाकी २० लिटरची आहे, त्यामुळे अडीचशे किलोमीटरला पंप शोधायला सुरुवात करावी.

पावसात कशी आहे?

टायर चांगल्या जातीचे आहेत, पण मागचा १९० मिलिमीटर रुंद आहे आणि पहिल्या सरीनंतर सिमेंटच्या रस्त्यावर जो तेलकट थर येतो, त्यावर कोणताही टायर भरवशाचा नसतो. पहिला अर्धा तास पाऊस पडून रस्ता धुऊन निघू द्यावा. हवेचा दाब कंपनीने दिल्याप्रमाणे दोन्ही चाकांत ४२ पीएसआय ठेवावा, आणि तो गाडी थंड असतानाच मोजावा. माझा पहिला मागचा टायर सात हजार किलोमीटरांत मधोमध सपाट झाला होता.

देखभाल अवघड आहे का?

अवघड नाही, पण हलगर्जी चालत नाही. मला एकदा एका कार्यशाळेतून चेन गरजेपेक्षा घट्ट करून मिळाली. बुटीबोरीपर्यंत जाताना पायदाणीत एक बारीक गुणगुण येऊ लागली आणि कमी वेगात गाडी आचके देऊ लागली. मी बसल्यावर मागचा सस्पेंशन दबतो, तेव्हा चेन तारेसारखी ताणली जात होती. मालकाच्या पुस्तिकेत दिलेली ढील ठेवल्यावर आवाज बंद झाला. तेव्हापासून कोणीही काम केले तरी चेन, ऑइलची पातळी आणि ब्रेकचे पॅड मी तिथेच, निघण्यापूर्वी, स्वतः पाहतो. दर पाचशे-सहाशे किलोमीटरला चेन पुसून वंगण लावणे हे काम मी कोणावरही सोपवत नाही.

किंमत आणि कर?

२०२१ मध्ये ती १६ लाख ४० हजारांना, शोरूमच्या किमतीत, आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील दुचाकींना ४० टक्के जीएसटी लागतो, पूर्वी उपकर धरून तो ३१ टक्के होता. त्यावर राज्याचा रस्ता कर आणि विमा वेगळा. चांगले हेल्मेट, जाकीट, हातमोजे आणि बूट यांचे पैसे गाडीच्या किमतीतच धरावेत आणि आधी खर्च करावेत.

पहिली मोठी गाडी म्हणून घ्यावी का?

माझे उत्तर नाही असे आहे, आणि विचारणाऱ्याला राग आला तरी मी ते बदलत नाही. चारशे-सहाशे सीसीच्या गाडीवर दोन पावसाळे काढावेत, ब्रेक कधी आणि किती धरायचा हे हाताला शिकू द्यावे, मग हिच्याकडे यावे. मोटारसायकलच्या परवान्यावर कायदा तुम्हाला ही गाडी दुसऱ्याच दिवशी चालवू देतो, त्यामुळे ही अट स्वतःच स्वतःला घालावी लागते. इतवारीच्या मित्रांनी आपल्या मुलाला हीच अट घातली आहे आणि मुलगा सध्या दुसऱ्या पावसाळ्यात आहे.

लांबच्या प्रवासात सामान कुठे बांधायचे?

मागच्या सीटवर बांधायची मऊ पिशवी आणि टाकीवरची चुंबक नसलेली, पट्ट्याची पिशवी. बाजूच्या पिशव्या लावणार असाल तर सायलेन्सरपासून चार बोटे अंतर राहते का, हे गाडी गरम झाल्यावर पिशवीला हात लावून पाहावे. जड वस्तू टाकीच्या पिशवीत, हलके कपडे मागे. टायर पंक्चरचे साहित्य आणि दोन लिटर पाणी सर्वांत वर ठेवावे, म्हणजे कारंज्याजवळच्या एखाद्या कडुनिंबाखाली थांबल्यावर सगळे सामान सोडावे लागत नाही.